मडीचं मशीन

चंद्रमती भित्री आहे हे तंजावूरच्या मेल वीधीत, म्हणजे पश्चिमेकडच्या रस्त्यावर, लहान पोराला विचारलं तरी समजलं असतं. तिला पालीची भीती वाटे, कुकरच्या शिट्टीची वाटे, आणि मोठ्या देवळातल्या हत्तीची तर इतकी वाटे, की तो सोंड हलवताना दिसला की ती प्रदक्षिणा अर्ध्यात सोडून नंदीच्या मागे जाऊन उभी राही. नवरा वादिराजराव सरकारी खात्यात अकाउंटंट. माणूस वाईट नव्हता, पण गंमत करायची भारी खोड. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यांनी कागदाची पिशवी फुगवून तिच्या कानाशी फोडली होती. ती भिंतीला जाऊन चिकटली, तेव्हा घरातली झाडून सगळी माणसं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. चंद्रमतीही हसली. भित्र्या माणसाला एवढं एक लवकर शिकावं लागतं. पुढे तिची भीती ही त्या घरातली करमणूकच होऊन बसली. पाहुणे आले की कॉफीबरोबर तिचा एखादा किस्सा ठरलेला.

एका भीतीवर मात्र तिला कधी हसता आलं नाही. ती विजेची.

तिचं माहेर ओरत्तनाडूचं. वडील तिथे शाळामास्तर. घराच्या मागे कालवा, कालव्यापलीकडे भाताची शेतं आणि शेताच्या बांधावर पाण्याचा पंप. चंद्रमती तिसरीत असताना शेजारची कमलाक्षी अक्का कालव्यावर धुणं धुऊन लुगडं वाळत घालायला गेली. बांधावर एक तार होती, तिच्यावर तिने ओलं लुगडं टाकलं. ती तार पंपाच्या वायरीला कुठेतरी चिकटली होती हे कोणाला ठाऊक नव्हतं. चंद्रमती मोठ्या माणसांच्या पायांमधून वाट काढत पुढे गेली, तेव्हा अक्का बांधावर निजल्यासारखी पडली होती. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. केस ओले होते आणि लुगड्याचं एक टोक अजून मुठीत होतं. त्या दिवसापासून ओलं कापड, अनवाणी पाय आणि वीज या तीन गोष्टी एका जागी दिसल्या, की चंद्रमती आल्या पावली मागे फिरे. घरातल्या फ्यूजच्या फळीखालून जातानासुद्धा ती मान खाली घालून जाई.

अशी बाई सून म्हणून पडली ती नेमकी अंबाबाईंच्या घरात. अंबाबाई म्हणजे वादिराजरावांच्या आई. सत्तरी ओलांडलेली, ताठ, आवाज असा की परसातून हाक मारली तर रस्त्यावरचा रिक्षावाला थांबावा. भीती कशाशी खातात हे त्यांना माहीत नसावं असं सगळेच धरून चालले होते. घर माध्व वैष्णवांचं, त्यामुळे मडी कडक. महाराष्ट्रात ज्याला सोवळं म्हणतात, त्याला इकडची घरं मडी म्हणतात. विहिरीवर अंघोळ करून ओलेत्याने यायचं, देवाचं आणि चुलीचं काम होईपर्यंत कोणाला शिवायचं नाही, कोणी शिवून घ्यायचं नाही. मडीची लुगडी उंच बांबूवर लांब काठीने वाळत टाकायची, काठीनेच काढायची. चुकून कोणी शिवलं तर परत विहिरीवर जाऊन सगळं पहिल्यापासून.

घरातलं पहिलं कपडे धुण्याचं मशीन वादिराजरावांनी हौसेने आणलं होतं आणि मागच्या पडवीत ठेवलं होतं. बरीच वर्षं ते गुमान चाललं. मग एके दिवशी चंद्रमतीने त्याच्या पत्र्याला हात लावला आणि बोटांतून कोपरापर्यंत मुंग्या धावल्या. तिने हात झटकला, पदराला पुसला, परत लावला. परत मुंग्या. ती धावत बाहेरच्या खोलीत गेली.

"ऐकलें कां? मशीन शाक मारतें."

शाक म्हणजे शॉक. तंजावूरच्या तोंडात तो शब्द असाच बसला आहे. वादिराजराव उठले, पायांत रबरी चपला होत्या त्या तशाच ठेवून पडवीत गेले आणि मशीनवर पैलवानाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली.

"कोठें आहे शाक? तुला आज हत्ती नाहीं दिसला वाटतें, म्हणून हें."

झालं. तेवढ्यावर तो विषय मिटला. चंद्रमतीने मग आपल्यापुरता उपाय काढला. मडीची काठी बांबूची, तिच्यातून वीज येत नाही एवढं तिला शाळामास्तर वडिलांमुळे माहीत होतं. ती त्या काठीने मशीनचं झाकण उघडू लागली, काठीच्या टोकाने बटण फिरवू लागली, काठीनेच कपडे उचलून बादलीत टाकू लागली. आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडली. पलीकडच्या घरातल्या वरलक्ष्मी मामींनी गच्चीवरून हे पाहिलं आणि त्या थक्क झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंबाबाईंना सांगितलं, की तुमची सून मशीनलासुद्धा हात लावत नाही, काय ही मडी, आमच्या अग्रहारात आता अशी बाई राहिली नाही. अंबाबाईंनी येऊन पाहिलं. खरंच, सून काठीने मशीन चालवत होती.

"चंद्रा," त्या म्हणाल्या, "मला नव्हतें ठाऊक. तुझ्या मनांत एवढें आहे म्हणून."

तेवीस वर्षांत सासूने केलेलं हे पहिलं कौतुक. मठात आराधनेला गेल्यावर अंबाबाईंनी चार बायकांत ते सांगितलं, तेव्हा त्या चार बायकांनी चंद्रमतीकडे अशा नजरेने पाहिलं जशा नजरेने तिच्याकडे कोणी कधी पाहिलं नव्हतं. भित्री म्हणून नव्हे. मोठी म्हणून. त्या नजरेची तिला चटक लागली, हे तिचं तिलाही कळत होतं. तिने मूग गिळले. घरात तिच्या काठीला मान मिळाला आणि तिच्या भीतीला छान पांघरूण.

सत्त्याण्णव साली ते मशीन जळका वास सोडून बंद पडलं. चंद्रमतीला मनातून इतका आनंद झाला, की ती देवापाशी जाऊन दोन वाती जास्त लावून आली. चावणारं जनावर मेलं होतं.

नवं आणायला तिघंही गांधीजी रोडवरच्या शोरूममध्ये गेली. महिना तमिळ पंचांगातला आडी. आडीत तमिळ घरांतून नवी वस्तू कोणी आणत नाही, म्हणून दुकानदार सूट देतात. पण मराठी घरांचं पंचांग चंद्राचं, आडी सरायच्या आतच आपला श्रावण लागतो. त्यामुळे सूटही मिळते आणि मुहूर्तही बिघडत नाही. वादिराजराव या गोष्टीवर दरवर्षी खूश असत, जणू हे पंचांग त्यांनीच काढलं होतं. शोरूम बघून ते आणखी खूश झाले. याच गावात पूर्वी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहणारी माणसं. आता काचेच्या दाराआड मशीनांच्या रांगा लागलेल्या, त्यांवर परदेशी नावं, आणि त्या उकाड्यात टाय बांधलेला वेंकटेश नावाचा विक्रेता.

"सार, हें बघा, फझी लॉजिक," वेंकटेश तमिळमध्ये म्हणाला. "कपडे किती, मळ किती, पाणी किती, तें सगळें मशीनच ठरवतें. त्याला स्वतःचें डोकें आहे."

चावणारं मशीन चंद्रमतीने पाहिलं होतं. विचार करणारं पाहिलं नव्हतं. ती सरकत सरकत कोपऱ्यात गेली. तिथे प्लास्टिकच्या अंगाचं, दोन टब असलेलं एक साधं मशीन उभं होतं. तिने हळूच बोट लावून पाहिलं. तळव्याने थोपटलं. हे तिला आवडलं. याच्या अंगावर पत्राच नव्हता.

"हें चांगलें दिसतें," ती म्हणाली.

"तें जुन्या तऱ्हेचें, मामी. कपडे एकांतून काढून दुसऱ्यांत घालायला लागतात," वेंकटेश म्हणाला.

"म्हणजे हाताने उचलायचें?" अंबाबाईंनी विचारलं. "ओले?"

"हो, पाटी." पाटी म्हणजे तमिळमध्ये आजी.

"तें नक्को," अंबाबाई एकदम म्हणाल्या. पुढे प्रत्येक मशीनपाशी त्यांचा एकच प्रश्न होता: पिळावं लागतं का, उचलावं लागतं का, हाताला काय काम पडतं. वादिराजरावांना वाटलं आई वयाप्रमाणे आळसावली. त्यांचं स्वतःचं लक्ष एका उंच, चकचकीत स्टीलच्या मशीनवर होतं, ज्यात ते भांग पाडून घेऊ शकत होते. वरून कपडे टाकायचे, बटण दाबायचं, बाहेर काढाल ते जवळजवळ वाळलेलं. अंबाबाईंनी त्याच्यावर मान हलवली. दोन मतं एका बाजूला पडली.

चंद्रमतीने धीर केला. वेंकटेशजवळ जाऊन, अगदी हळू आवाजात, तिने विचारलं, की हे शाक मारत नाही ना.

वेंकटेश हसला. तो हसला तेही मोठ्याने, बिचाऱ्याला काय माहीत. "नवें मशीन शाक कसें मारेल, मामी?" दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. वादिराजराव पुढे आले आणि त्यांनी त्या अनोळखी पोराला हत्तीचा किस्सा सांगितला, नंदीसकट. चंद्रमती सवयीने हसली. स्टीलचं मशीन ठरलं.

घरी ते बुधवारी आलं. जुन्याच्याच जागी, पडवीतल्या त्याच पॉइंटला कंपनीच्या माणसाने ते जोडून दिलं आणि तो गेला. अंबाबाईंनी त्याला हळद-कुंकू लावलं, मागे होऊन पाहिलं, आणि मग म्हणाल्या:

"जुनें मशीन मडीचें नव्हतें. कोणीही शिवत होतें. माझें लुगडें मी नुसतें वरून सोडत होतें, नाइलाज म्हणून. हें मडीचें मशीन. शुक्रवारपासून अंघोळ करून ओलेत्यानेंच ह्याला शिवायचें. मी चालवीन. मी नसलें तर चंद्रा. तिच्यासारखी मडी आतां आहे कोणाची?"

ओलेत्याने. अनवाणी. पडवीच्या फरशीवर, जिथे विहिरीपासून आलेल्या पावलांचं पाणी सकाळभर वाळत नाही.

नवं आहे, चंद्रमतीने स्वतःला समजावलं. नवं मशीन शाक कसं मारेल. गुरुवारी दुपारी घर निजलेलं असताना ती पडवीत गेली. चपला काढल्या. काठी भिंतीला लावली. वेंकटेशचं हसू आठवून तिने हाताचा मागचा भाग त्या चकचकीत अंगाला टेकवला.

मुंग्या. तशाच, बोटांतून कोपरापर्यंत.

ती तिथेच फतकल मारून बसली. ते जनावर मेलंच नव्हतं. ते मशीनमध्ये कधी नव्हतंच; ते भिंतीत होतं, घरात होतं, आणि जे मशीन आणाल त्याच्या अंगात शिरत होतं. तिला हे असंच समजलं, आणि थोडक्यात सांगायचं तर ते चूक नव्हतं. नंतर कळलं ते असं. घराची अर्थिंगची तार पूर्वी कोणीतरी नळाच्या लोखंडी पाइपाला बांधली होती. दोन उन्हाळ्यांपूर्वी वादिराजरावांनी गंजलेला पाइप काढून त्या जागी नव्या जमान्याचा प्लास्टिकचा पाइप घातला, आणि स्वस्तात झालं म्हणून आठवडाभर मिशीला पीळ दिला. तार भिंतीआड नुसती लोंबत राहिली. तेव्हापासून त्या घरात मशीनच्या पत्र्यावर झिरपणाऱ्या विजेला जमिनीत जायला वाट उरली नव्हती. ओल्या पायांनी कोणी शिवेल, तेवढीच वाट.

चंद्रमतीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त शुक्रवार दिसत होता. ओले पांढरे केस, ओलं नऊवारी, आणि मुठीत लुगड्याचं टोक. तिने डोळे मिटले तरी ते दिसत होतं.

ती वायरमनच्या दुकानी गेली. दुकान बंद, तो आडीच्या उत्सवाला पुन्नैनल्लूरच्या मारियम्मन देवीला गेला होता, शनिवारी येणार. ती घरी आली आणि ऑफिसातून आलेल्या नवऱ्याला कॉफी देतानाच तिने मुंग्यांचं आणि वायरमनचं दोन्ही सांगितलं. वादिराजरावांनी कप खाली ठेवला, पडवीत गेले, चपलांसकट, आणि नव्या मशीनला थाप मारली.

"झालें? अगो, कंपनीने तपासून दिलें आहे. तुझ्या भीतीला पाहून मशीन परत पाठवूं?"

"चपला काढून शिवा."

"आणखी काय काढूं?" ते म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसत आत गेले.

उरली सासू. संध्याकाळी अंबाबाई देवघरात वाती वळत होत्या. चंद्रमती उंबऱ्याबाहेर, शिवणार नाही अशा अंतरावर बसली.

"अम्मा, त्या मशीनींत शाक आहे."

अंबाबाईंचा हात थांबला. "शाक?"

"हो. मी स्वतः पाहिलें. दुपारीं."

"व्रतांत?" अंबाबाईंचा आवाज चढला. "कोणी घातलें?"

आता इथे हे सांगितलं पाहिजे, की तो चातुर्मासाचा पहिला महिना होता. माध्वांच्या घरात या महिन्यात शाकव्रत. शाक म्हणजे भाजी. महिनाभर घरात भाजी नाही, फळ नाही, कोथिंबिरीची काडी नाही, लिंबूसुद्धा नाही. अंबाबाईंना वर्षाचे अकरा महिने शाक म्हणजे काहीही वाटलं असतं. या महिन्यात एकच वाटणार होतं.

"घातलें कोणी नाहीं," चंद्रमती गोंधळून म्हणाली. "आपोआप येतें."

अंबाबाई तरातरा उठून पडवीत गेल्या, मशीनपासून चार हात लांब उभ्या राहिल्या, आणि त्यांना शेजारी ठेवलेला साबणाच्या पावडरीचा नवा पुडा दिसला. पुड्यावर पिवळंधमक लिंबाचं चित्र.

"हें बघ. लिंबू. देवाच्या कापडाला हें लागलें असतें." त्या वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरं कौतुक होतं. "बरें झालें सांगितलेंस. तुझ्याइतकें कोणाला कळत नाहीं. रिठे भिजत घाल. उद्यां रिठ्यांच्या पाण्यानें करूं."

"अम्मा, तें नाहीं, मी..."

"काय?"

मी घाबरते. एवढंच म्हणायचं होतं. काठी मडीसाठी नव्हती, भीतीपोटी होती, म्हणायचं होतं. पण सासू अजून तिच्याकडे त्या नजरेने बघत होती, आणि मठातल्या त्या चार बायका, आणि वरलक्ष्मी मामी.

"कांही नाहीं," चंद्रमती म्हणाली. आणि रिठे भिजत घालायला गेली. स्वतःची एवढी लाज तिला जन्मात वाटली नव्हती. एका म्हातारीच्या जिवापेक्षा आपल्याला आपला मान जड झाला, असं ती रिठे फोडता फोडता स्वतःशी म्हणत राहिली, आणि तरी उठून परत गेली नाही.

शुक्रवार उजाडला. श्रावणातला शुक्रवार, देवीचा वार. वादिराजरावांनी पडवीतलं बटण चालू आहे ना ते पाहिलं आणि ते पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत बसले. परसात रहाट वाजू लागला. एक घागर अंगावर ओतल्याचा आवाज, मग दुसरी. बटण बंद केलं तर ते परत चालू करतील, फ्यूजच काढून टाकावा म्हणून चंद्रमती त्या फळीखाली जाऊन उभी राहिली. हात वर गेला आणि खांद्याच्या पुढे जाईना. परसातून ओल्या पावलांचा आवाज आला, तशी ती वळली आणि पडवीच्या दारात येऊन उभी राहिली. दार अरुंद. एक माणूस उभं राहिलं, की दुसऱ्याला शिवल्याशिवाय जाता येत नाही.

अंबाबाई आल्या. लुगड्यातून पाणी निथळत होतं, त्यांच्या मागे फरशीवर विहिरीपर्यंत पावलं उमटली होती. त्यांच्या उजव्या हातात आधल्या दिवसाचं लुगडं होतं, टोक मुठीत.

"बाजूला हो, चंद्रा."

चंद्रमती हलली नाही.

"अंघोळ झाली कां तुझी?"

"नाहीं."

अंबाबाई दोन पावलं मागे झाल्या. "नाहीं? आज शुक्रवार. कां नाहीं केलीस?"

"केली असती तर तुम्ही मला ढकलून गेलां असतां," चंद्रमती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येत नव्हता. "आतां तुम्हांला मला शिवतां येत नाहीं. मी येथून हलणार नाहीं."

"वेड लागलें कां तुला?"

"अम्मा, मी मडीची नव्हे. मी भित्री आहें. ती काठी मी मडीसाठीं घेत नव्हतें. मशीनीत करंट येतो. शाक म्हणजे भाजी नव्हे, करंट. जुन्यांत येत होता, ह्यांतपण येतो. मला कोणी खरें मानलें नाहीं आणि तुम्ही मला मोठी म्हटलेंत, तें मला सोडवेना. तुम्ही ओल्या आहां. शिवूं नका. मी पाया पडतें, शिवूं नका." आणि ती रडू लागली. दार मात्र तिने सोडलं नाही. दोन्ही चौकटी धरून उभी राहिली.

आता शिव्या येतील, असं तिला वाटलं. पण अंबाबाईंचा चेहरा कसातरीच झाला होता.

"करंट म्हणजे कसें होतें?" त्यांनी विचारलं.

"मुंग्या येतात."

"कोठून?"

"बोटांतून. कोपरापर्यंत."

"उजव्या हातांत?"

"जो हात लावाल त्यांत."

"डाव्यानें शिवलें तर डाव्यांत?"

"हो."

"तूं पाहिलेंस? डाव्यांत पण?"

"पाहिलें, अम्मा. दोन्हींत."

अंबाबाईंच्या हातातलं लुगडं खाली पडलं. त्या धुण्याच्या दगडावर बसल्या आणि उजवा हात समोर धरून बघू लागल्या.

"लुगडें मशीनींत सोडतांना तोल जात होता म्हणून मी त्याला हात टेकत होतें," त्या म्हणाल्या. "दोन वर्षें. रोज मुंग्या येत होत्या. माझ्या आईला असेंच सुरू झालें होतें. उजव्या हाताला मुंग्या, मग अंगावरून वारें गेलें. नऊ वर्षें पडून होती. तोंडांत घास घालावा लागे. मला वाटलें, आलें माझें पण. कोणाला सांगितलें नाहीं. रोज सकाळीं विहिरीवर दोर ओढतांना बघत होतें, आज हात उठतो कां. रोज. शोरूममध्यें तेंच बघत होतें, हाताशिवाय चालेल असें कोणतें." त्यांनी मान वर केली. त्या ताठ म्हातारीचे ओठ लहान मुलीसारखे थरथरत होते. "म्हणजे वारें नाहीं हें? नुसता करंट?"

"नुसता करंट, अम्मा."

अंबाबाई हसल्या, की रडल्या, ते चंद्रमतीला समजलं नाही. त्यांनी तो उजवा हात पुढे केला. चंद्रमती बिचकली, ती मडीत नव्हती. पण अंबाबाईंनी तिचा दंड पकडला, घट्ट, ओल्या हाताने, आणि त्याला धरूनच उठल्या. मग मडी मोडली म्हणून त्या परत विहिरीवर गेल्या नाहीत. तशाच तिला धरून उभ्या राहिल्या.

आवाज ऐकून वादिराजराव पेपर हातात घेऊन आले. "काय झालें? काय नाटक आहे सकाळीं?"

"वादी," अंबाबाई म्हणाल्या, "चपला काढ. विहिरीवर जा, दोन घागरी अंगावर ओतून घे, आणि तसाच ओलेत्यानें येऊन मशीनीवर हात ठेव."

वादिराजराव हसले. "आई, तूं पण आतां हिच्यासारखी?"

"हो. तूं ठेव हात."

वादिराजरावांनी मशीनकडे पाहिलं. फरशीवरच्या ओल्या पावलांकडे पाहिलं. मग आईच्या तोंडाकडे आणि बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांच्या ओठांवरचं हसू हळूहळू कुठेतरी गेलं. त्यांनी चपला काढल्या नाहीत. थाप मारायलासुद्धा हात पुढे केला नाही.

"वायरमनला पुन्नैनल्लूरहून घेऊन येतों," ते म्हणाले.

"आधीं मेन बंद करा," चंद्रमती म्हणाली, आणि त्यांनी तो केला.

स्कूटर वीधीच्या टोकाला जाईपर्यंत ऐकू येत होती. मग अंबाबाई ओल्या लुगड्यानेच धुण्याच्या दगडावर बसल्या आणि चंद्रमती त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल अशी. मेन बंद होता, मशीन मुकं होतं. तरी स्कूटर परत येईपर्यंत दोघींपैकी एकीनेही त्याच्याकडे पाठ केली नाही.